कळव्याच्या अभ्यासिकेत व्हीएस कोड: आठ जुने लॅपटॉप, दहा आठवड्यांच्या नोंदी

शनिवार, ७ जून २०२५

ऐरोलीच्या एका ऑफिसने काढून टाकलेले नऊ लॅपटॉप आज रिक्षाने विटाव्यामार्गे कळव्यात आणले. विटाव्याच्या सबवेत अजून पाणी साचलेलं नाही, म्हणून आजच उरकलं. सगळे एकाच मॉडेलचे: इंटेलचा पाचव्या पिढीचा आय-५, ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क. विंडोज ११ ला आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे ऑफिसं अशी मशिनं सध्या भराभर बाहेर काढतायत. तुमच्या ओळखीत कुणी आयटीत असेल तर विचारून ठेवा.

मंडळाच्या अभ्यासिकेत आठवी ते दहावीच्या मुलांना शनिवार-रविवार पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकवायचं ठरलं आहे. मुलं मराठी माध्यमाची. माझी अट एकच: एडिटरमध्ये, म्हणजे व्हीएस कोड या प्रोग्रॅम लिहायच्या अॅपमध्ये, मराठी लिहिता आलं पाहिजे आणि प्रोग्रॅम चालवल्यावर आलेलं मराठी उत्तर मुलांना नीट वाचता आलं पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

एका मशिनला बायोस पासवर्ड, म्हणजे सुरू होतानाच विचारला जाणारा, निघाला. ऑफिसातल्या मुलाने तो फोनवर सांगितला. एकाचा मदरबोर्ड गेलेला आहे. त्याची रॅम काढून घेतली. म्हणजे हाताशी आठ.

रविवार, ८ जून

आहे त्या विंडोज १० वरच व्हीएस कोड बसवून पाहिलं. डाउनलोडच्या पानावर यूजर इन्स्टॉलर आणि सिस्टिम इन्स्टॉलर असे दोन पर्याय असतात. यूजर इन्स्टॉलरला अॅडमिन पासवर्ड लागत नाही, तो घ्यावा. बसवायला काहीच त्रास झाला नाही. उघडायला मात्र मोबाइलवर वेळ लावून पाहिली: ७४ सेकंद. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची आणि उत्तर दिसायची चौकट, उघडलं तर माऊससुद्धा अडकत होता. व्हीएस कोड इलेक्ट्रॉनवर उभा आहे, म्हणजे त्याच्या आत एक अख्खा ब्राउझर चालतो. ४ जीबी आणि फिरती डिस्क त्याला पुरत नाही.

शिवाय विंडोज १० चा आधार, म्हणजे मोफत अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतोय. चार महिन्यांसाठी एवढी खटपट करण्यात अर्थ नाही. लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची, फिरत्या डिस्कऐवजी वेगवान एसएसडी घालायची, रॅम ८ जीबी करायची असं ठरवलं. अभ्यासिका सांभाळणारे काका म्हणाले, "मंडळाकडून दहा हजार देतो, वरचं तू बघ." वरचं मी आणि ऑफिसातल्या दोघींनी मिळून बघायचं ठरलं.

शनिवार, १४ जून

कळव्याहून स्लो लोकलने दादर, तिथून ग्रँट रोड, मग चालत लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार. एसएसडी आठ नग, प्रत्येकी १,४५०. रॅम ४ जीबीच्या सात पट्ट्या, प्रत्येकी ५५०, वापरलेल्या. पेन ड्राइव्ह दोन, ८०० रुपये.

संध्याकाळी पहिली पट्टी घातली. पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा काळा. पट्टी पुसली, खाच बदलली, दुसरी पट्टी घातली, तरी तेच. दीड तास गेल्यावर जुनी पट्टी नव्या पट्टीशेजारी ठेवून स्टिकर वाचला. जुनीवर पीसी३एल, नवीवर नुसतं पीसी३. त्या एका 'एल' मध्ये सगळं होतं. हे लॅपटॉप १.३५ व्होल्टवर चालणारी रॅम मागतात आणि मी १.५ व्होल्टची आणली होती. चूक माझीच. दुकानात जाताना जुनी पट्टी सोबत न्यायला हवी होती.

मंगळवार, १७ जून

अर्धा दिवस रजा टाकून बदलून आणल्या. दुकानदाराने पट्टीमागे ५० रुपये जास्त घेतले, म्हणजे ३५०. सगळ्या चालल्या.

शनिवार, २१ आणि रविवार, २२ जून

या नोंदींतले सगळ्यात वाईट दोन दिवस, म्हणून सविस्तर लिहिते.

एका लॅपटॉपवर उबुंटू हा लिनक्सचा प्रकार टाकला. त्याच्या अॅप सेंटरमधून व्हीएस कोड एका क्लिकवर बसलं. एसएसडी आणि ८ जीबीवर उघडायला सात सेकंद. आनंद झाला. मग मराठी कीबोर्ड सुरू केला, आयबस ही टायपिंगची भाषा बदलणारी यंत्रणा वापरून. ब्राउझरमध्ये मराठी उमटतं, साध्या नोटपॅडमध्ये उमटतं, व्हीएस कोडमध्ये मात्र रोमन अक्षरंच येतात. वर पट्टीत 'मराठी' दिसतंय आणि खाली काही बदलत नाही.

मी आधी कीबोर्डलाच दोष दिला. आयबस काढून पुन्हा टाकलं, दुसरा लेआउट घेतला, लॉगआउट, रीस्टार्ट, फॉन्ट बदलले. शनिवार संपला. रविवारी दुपारी लक्षात आलं की अॅप सेंटरने दिलेलं व्हीएस कोड हे स्नॅप पॅकेज आहे. स्नॅपमधला प्रोग्रॅम लागणारे सुटे भाग स्वतःसोबतच आणतो, आणि बाहेरची आयबस यंत्रणा त्याच्याशी जुळत नव्हती. स्नॅप काढलं, अधिकृत पानावरून डेब फाइल (उबुंटूवर प्रोग्रॅम बसवायची नेहमीची फाइल) घेतली, बसवली. पहिल्याच फटक्यात 'नमस्कार' उमटलं.

तेव्हा मराठी लिहायचं असेल तर स्नॅप घेऊ नका, डेबच घ्या. टर्मिनलमधून बसवताना सुडो एपीटी इन्स्टॉल लिहून पुढे फाइलचं नाव, आणि नावाआधी टिंब व तिरपी रेघ. ती विसरलात तर एपीटी (प्रोग्रॅम बसवणारी आज्ञा) तुमच्या फोल्डरऐवजी इंटरनेटवरच्या साठ्यात फाइल शोधतं आणि सापडली नाही म्हणतं.

शनिवार, २८ जून

उबुंटू सोडून लिनक्स मिंट २२.१, एक्सएफसीई आवृत्ती. हलकी आहे, स्नॅप मुळातच बंद आहे, आधार २०२९ पर्यंत आहे. आयबसही वगळलं, मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्टचा लेआउट (कळांवरच्या मराठी अक्षरांची प्रमाण मांडणी) थेट मिळतो. मधली एक कडी कमी म्हणजे बिघडण्याची एक जागा कमी.

डेब बसवताना मध्येच एक निळी चौकट विचारते, मायक्रोसॉफ्टचा साठा जोडायचा का, म्हणजे पुढच्या आवृत्त्या तिथूनच येतील. मी 'हो' म्हटलं आणि पस्तावले. व्हीएस कोडची नवी आवृत्ती वरचेवर येते, शंभर एमबीच्या घरात. अभ्यासिकेत वायफाय नाही, माझ्या मोबाइलचा दिवसाचा २ जीबी डेटा आठ मशिनांत वाटायचा आहे. जोडलेला साठा काढला. आता तीन महिन्यांनी एकदा नवी डेब पेन ड्राइव्हवर आणायची.

पायथन ३.१२ मिंटमध्ये आधीच असतं, पण नुसतं 'पायथन' लिहिलं तर कमांड सापडत नाही; पुढे ३ लावावा लागतो. पुस्तकातलं बघून टाइप करणारी मुलं तिथेच अडतील. त्यावर पायथन-इज-पायथन३ नावाचं छोटं पॅकेज आहे, ते टाकलं.

एक लॅपटॉप पूर्ण तयार करून क्लोनझिलाने बाकीच्यांवर नक्कल करायची ठरवलं. पाच झाले, सहाव्याला डिस्क लहान आहे म्हणून नकार. बघितलं तर आठांतल्या सहा एसएसडी २५६ जीबीच्या, दोन २४० च्या. दुकानात मोजून घेतल्या, वाचून घेतल्या नाहीत. २४० वर सगळं नव्याने उभारलं आणि तिथून सगळ्यांवर नक्कल केली. लहान डिस्कवरून मोठीवर जाताना काही अडत नाही. रात्रीचे साडेदहा झाले. काका चावी घेऊन बसून होते.

रविवार, ६ जुलै

आषाढी. अभ्यासिका बंद, काका पहाटेच देवळात. घरी बसून सेटिंगची फाइल लिहिली.

फॉन्टचा आकार १८. ओळीची उंची ३२. मूळ उंचीवर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला चिकटत होता आणि 'कु' का 'कि' ते कळत नव्हतं. फॉन्टच्या यादीत आधी इंग्रजी अक्षरांसाठी देजावू सॅन्स मोनो, मग देवनागरीसाठी मुक्त, एक टाइपचा. मुक्तमधली जोडाक्षरं १८ आकारातही स्वच्छ वाचता येतात. मिनिमॅप (कडेला दिसणारी प्रोग्रॅमची छोटी प्रतिमा) बंद, टेलिमेट्री (वापराची माहिती कंपनीला पाठवणं) बंद, ऑटोसेव्ह चालू. कोपायलट या कोड सुचवणाऱ्या एआय मदतनिसाचं चिन्ह त्याच्याच मेनूतून लपवलं. पहिला प्रोग्रॅम मुलांनी स्वतःच्या बोटांनी लिहावा असं मला मनापासून वाटतं.

एक्स्टेंशन, म्हणजे एडिटरला जोडायची पुरवणी, फक्त पायथनचं. इंटरनेटशिवाय बसवायचं तर एडिटरमध्येच एक्स्टेंशनच्या दातेरी चाकावर व्हीएसआयएक्स, म्हणजे त्या एक्स्टेंशनची फाइल, उतरवण्याचा पर्याय आहे. पण पायथनचं एक्स्टेंशन एकटं येत नाही, त्याला पायलान्स आणि डीबगर लागतात. मी एकच फाइल नेली होती, तिन्ही न्या.

मेनू इंग्रजीतच राहणार. ज्या दहा-बारा शब्दांशी रोज गाठ पडते त्यांचा तक्ता केला, तो अभ्यासिकेच्या भिंतीवर लावायचा.

शनिवार, १२ जुलै

पहिला वर्ग. आठ लॅपटॉप, चौदा मुलं.

प्रिंट, कंस, अवतरण, 'नमस्कार'. एवढीच एक ओळ, आणि पाऊण तास गेला. इनस्क्रिप्टमध्ये अवतरणाच्या कळीवर 'ट' असतो आणि अर्धविरामाच्या कळीवर 'च'. मूल मराठी शब्द संपवतं, अवतरण बंद करायला जातं आणि पडद्यावर 'नमस्कारट' येतं. पुसायचं, दोन कळा दाबून इंग्रजीत जायचं, अवतरण द्यायचं, परत यायचं. पहिल्या बाकावरची नववीतली मुलगी शेवटी इंग्रजीत 'हॅलो' लिहून मोकळी झाली. मला ते फार लागलं, कारण ज्यासाठी सगळा घाट घातला तेच अवघड झालं होतं.

रविवार, १३ जुलै

दोन बदल केले. भाषा बदलण्याची कळ कॅप्स लॉकवर आणली. डाव्या करंगळीखाली, एकच दाब. दुसरं म्हणजे मुलांना लिहिण्याचा क्रम शिकवला. इंग्रजीत असतानाच कंस आणि अवतरण उघडायचं. व्हीएस कोड त्यांची बंद होणारी जोडी आपोआप टाकतो. मग कॅप्स लॉक, मराठी शब्द, आणि उजव्या बाणाने बाहेर. अवतरणाची कळ मराठीत असताना दाबायचीच नाही. कालची ओळ आज सगळ्यांची पाच मिनिटांत झाली. 'हॅलो' लिहिणाऱ्या मुलीने स्वतःचं, आईचं आणि आजीचं नाव छापून घेतलं.

शनिवार, १९ जुलै

आई-आजीच्या नावांनीच पुढचा दोष दाखवला. 'सुप्रिया' एडिटरमध्ये सुरेख दिसतं. चालवल्यावर खालच्या टर्मिनलमध्ये 'प्रि' फुटतो, पाय मोडलेला 'प' वेगळा, वेलांटी भलत्याच अक्षरावर. "ताई, माझं चुकलं का?" हा प्रश्न आज सहा जणांनी विचारला. त्यांचं काहीच चुकलेलं नव्हतं.

टर्मिनल हे चौकटीच्या वहीसारखं असतं, प्रत्येक चौकटीत एक खूण. देवनागरीत दोन-तीन खुणा मिळून एक अक्षर होतं, ते त्या चौकटींत मावत नाही. फॉन्ट बदलून काही होत नाही; मी सहा बदलून पाहिले.

तोडगा असा काढला. टर्मिनलवर छापायचंच नाही. 'पाटी' नावाची दहा ओळींची पायथन फाइल लिहिली, तिच्यात 'लिही' नावाचं फंक्शन. ते आपला मजकूर पाटी नावाच्या टेक्स्ट फाइलीत यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीत, लिहितं. ती फाइल एडिटरच्या उजव्या अर्ध्या भागात उघडून ठेवायची. फाइल बदलली की व्हीएस कोड ती आपोआप ताजी करतो. डावीकडे प्रोग्रॅम, उजवीकडे पाटी. पायथन देवनागरी नावं चालवून घेतं, त्यामुळे लिही, वय, गुण अशीच नावं मुलं वापरतात.

एक खाच: मुलाने फोल्डर न उघडता सुटी फाइल उघडली, तर पाटीची फाइल भलतीकडे तयार होते आणि उजवी बाजू कोरी राहते. वीस मिनिटं शोधत होतो. नेहमी फाइल मेनूतून अख्खं फोल्डर उघडा.

शनिवार, २६ जुलै

मुसळधार पाऊस, नऊच मुलं. साडेपाचला लाइट गेली. बॅटऱ्या मेलेल्या आहेत, आठही लॅपटॉप तत्क्षणी बंद. एक दहावीतला मुलगा गुणपत्रिकेचा प्रोग्रॅम लिहीत होता, तोवर फाइल एकदाही सेव्ह केलेली नव्हती, नावही दिलेलं नव्हतं, म्हणून ऑटोसेव्हही लागू नव्हतं. तो डोक्याला हात लावून बसला. वीज आल्यावर व्हीएस कोड उघडलं आणि ती बिननावाची फाइल तशीच समोर, शेवटची एक ओळ सोडून. न सेव्ह केलेल्या मजकुराची प्रत एडिटर मागे ठेवत असतो. तरी त्यावर विसंबू नये. पहिलं काम नाव देऊन सेव्ह, हे तक्त्यावर लाल अक्षरांत लिहिलं.

शनिवार, २ ऑगस्ट

एका मुलाने घरच्या विंडोज लॅपटॉपवर इथला प्रोग्रॅम चालवला आणि तो मोडला. नावांची यादी फाइलीतून वाचायची एवढंच काम. गंमत अशी की फाइलीत फक्त 'कमल' आणि 'नयना' असताना प्रोग्रॅम चालतो, पण नावांऐवजी परकी अक्षरं दाखवतो. 'सुवर्णा' घातलं की युनिकोड डिकोड एरर.

कागदावर मांडून पाहिलं तेव्हा उलगडलं. विंडोजवर पायथन ३.१२ फाइल वाचताना, काही सांगितलं नाही तर, सीपी-१२५२ नावाची जुनी पाश्चात्त्य अक्षरसारणी धरतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक खुणेचे तीन बाइट असतात. त्या सारणीत पाच जागा रिकाम्या आहेत, आणि हलन्त, ऱ्हस्व उकार, 'ए', 'ऐ', 'झ' यांचा शेवटचा बाइट नेमका त्या जागांवर पडतो. म्हणून साध्या अक्षरांची नावं चुकीची का होईना पण वाचली जातात, आणि जोडाक्षर किंवा पहिला उकार आला की गाडी थांबते.

उपाय: फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहायचं, प्रत्येक वेळी. लिनक्सवर गरज नसली तरी लिहायचं, कारण मूल तोच प्रोग्रॅम घरी नेणार आहे. पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच मूळ ठरणार आहे. घराघरांत ती आवृत्ती पोचेपर्यंत ही सवय हवीच.

रविवार, १० ऑगस्ट

काल राखीपौर्णिमा, वर्ग नव्हता. आज 'दुसऱ्या' या शब्दाने अडवलं.

प्रश्नमंजूषेच्या प्रोग्रॅममध्ये मुलीने बरोबर उत्तर लिहिलं, 'दुसऱ्या', तरी प्रोग्रॅम चूक म्हणतो. दोन्ही शब्द शेजारी ठेवले, डोळ्यांना तसूभर फरक नाही. लांबी मोजली: एक ७, दुसरा ८. मुलांनी इनस्क्रिप्टवर शिफ्ट-जे दाबून नुक्त्याचा 'ऱ' घेतला होता, त्याला हलन्त, मग 'या'. माझी प्रश्नांची फाइल मी घरी दुसऱ्या कीबोर्डवर टाइप केलेली. त्यात साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा एक जोडक. दोघांचंही अर्ध्या 'र' चं चित्र एकच. तोच जोडक व्हेरिएबलच्या नावात आला तर पायथन न छापता येणारं अक्षर म्हणून थेट नाकारतं.

सगळ्या फाइलींत शोधा-बदला करून नुक्त्याचा 'ऱ' एकच ठेवला. तुम्ही मराठी धडे तयार करत असाल तर पहिल्या दिवसापासून एकाच कीबोर्डवर टाइप करा. मला सत्तावीस फाइली तपासाव्या लागल्या.

रविवार, १७ ऑगस्ट

काल गोपाळकाला, मुलं आज आवाज बसलेल्या अवस्थेत आली.

खर्चाचा हिशेब काकांना दिला. एसएसडी ११,६००, रॅम ३,८५०, बदलण्याचे ३५०, पेन ड्राइव्ह ८००, विजेचे दोन एक्स्टेंशन बोर्ड १,३००. एकूण १७,९००, लॅपटॉपमागे सव्वाबावीसशेच्या आसपास. भाडं धरलेलं नाही.

'हॅलो' वाली मुलगी आजीच्या भिशीची यादी टाइप करून घेऊन आली होती, आकडे वहीत होते तसे देवनागरीत. मला वाटलं आकडे बदलावे लागतील. पण मजकुराचा आकडा करणारं पायथनचं इंट फंक्शन '५००' सरळ पाचशे म्हणून घेतं. प्रोग्रॅमच्या ओळीत मात्र देवनागरी अंक चालत नाही, तो फाइलीतून किंवा अवतरणातच यावा लागतो. बेरीज तिसऱ्या ओळीवर अडली. तिथे आजीने लिहावं तसं '५००/-' होतं. शेवटची दोन चिन्हं काढून टाकणारी ओळ तिने स्वतः लिहिली.

पाटीवर उत्तर आलं ते इंग्रजी अंकांत. "आजीला हे वाचता येणार नाही, ताई." दहा अंकांच्या बदल्यात दहा अंक ठेवणारी एक ओळ 'लिही' मध्ये घातली, आणि पाटीवर ६,५०० उमटले. नवी पाटी एका लॅपटॉपवर आहे. बाकी सात आणि पेन ड्राइव्हवरची प्रत येत्या शनिवारी बदलायची आहे.